ब्रँच कोणती?

पहाटे ५.१०
मुलींच्या वसतिगृहात दुसऱ्या मजल्यावरच्या एकाच खोलीत दिवा लागलाय. टेबलावर पाण्याची बाटली, तिला टेकवून उभा केलेला मोबाइल. स्क्रीनवर ४० प्रश्न आणि ४२ मिनिटांपासून उलटं पळणारं घड्याळ. नीट-पीजी या पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेश परीक्षेत असे पाच भाग असतात. २०० प्रश्न, साडेतीन तास. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं की एक वजा. एका भागाची वेळ संपली की तो बंद. मागे जाता येत नाही. म्हणून सरावही भागाभागाने.

ती इंटर्न आहे. सरकारी कागदावर तिच्या या वर्षाला ‘आंतरवासिता’ म्हणतात. एमबीबीएसची साडेचार वर्षं झाली, आता हे एक. तिचं आणि कॉलेजचं नाव लिहायचं नाही, असं आमचं ठरलंय. मराठवाड्यातलं सरकारी कॉलेज, एवढं पुरे. वडील एसटीत कंडक्टर. घराण्यात डॉक्टर कुणी नाही. अकरावी-बारावी लातूरला, क्लासच्या जवळ खोली घेऊन.

५.५२ ला घड्याळ थांबतं. ४० पैकी २६. “स्किनचे तिन्ही चुकले,” ती म्हणते आणि वहीत तीन ओळी लिहिते. ज्या ॲपवर हा सराव चालतो, त्याच्या वर्गणीत तिचा दीड महिन्याचा स्टायपेंड गेला. स्टायपेंड महिना १८,००० रुपये. २०२४ च्या आधी तो ११,००० होता. परीक्षेची फी ३,५०० वेगळी.

सकाळी ६.४०
ॲप्रनचे खिसे भरले जातात. डाव्या खिशात चिकटपट्टी, कापूस, दोन पेनं आणि एक पेन्सिल. पेनं वॉर्डात हरवतात, पेन्सिल कुणी उचलत नाही. उजव्या खिशात रबरी हातमोजा. दंडाला बांधायला टूर्निकेट असावा, पण तो हरवतो किंवा सैल होतो. मोजा ताणून बांधला की शीर वर येते. गळ्यात स्टेथोस्कोप. घड्याळ सेकंदकाट्याचं. ते तिने मुद्दाम घेतलंय, श्वास मोजायला.

वसतिगृहापासून वॉर्ड सहा मिनिटांवर. वाटेत गेटवरचा चहा, दहा रुपये. तो उभ्यानेच. आज तिच्या गायनॅक युनिटचा इमर्जन्सी डे आहे. म्हणजे उद्या सकाळी आठपर्यंत दवाखान्यात बाळंतपणाला येणारी प्रत्येक बाई याच युनिटची. १८,००० ला ३० ने भागलं तर दिवसाला ६०० रुपये. आजच्या चोवीस तासांत तासाला २५.

सकाळी ७.००
पीएनसी वॉर्ड. बाळंतपण झालेल्या बायका, कॉटखाली पिशव्या आणि थर्मास. आज सतरा जणींचं रक्त काढायचं आहे. जांभळ्या झाकणाची बाटली सीबीसीला, निळ्या झाकणाची रक्त गोठण्याच्या तपासणीला, करड्या झाकणाची साखरेला. निळी बाटली खुणेपर्यंतच भरायची. कमी-जास्त झालं तर लॅब परत पाठवते.

पहिल्या सहा जणी पटापट होतात. सातवीची शीर सापडत नाही. हात सुजलेला, तीन दिवस सलाईन चाललेलं. ती बोटाने चाचपते. डोळे मिटून चाचपते. मग मनगटाच्या वर, अंगठ्याच्या बाजूला सुई घालते. रक्त येतं. “पोरी, हात हलका आहे गं तुझा,” बाईची सासू म्हणते. ती ऐकतच नाही. आठव्या कॉटवर गेलेली असते.

वर्षाचे ५२ आठवडे विभागांत वाटून दिलेले आहेत. कम्युनिटी मेडिसिन १२, गायनॅक ७, मेडिसिन ६, सर्जरी ६, पेडिॲट्रिक्स ३. मानसोपचार, भूल, हाडं, कान-नाक-घसा, डोळे, कॅज्युअल्टी यांना दोन-दोन. त्वचारोगाला एक, न्यायवैद्यकाला एक. चार आठवडे आपल्या आवडीचे. प्रत्येक काम हाताने करून बघावं, आपला हात कुठे वळतो आणि मन कुठे लागतं ते कळावं, यासाठी हे वर्ष. पण याच वर्षात परीक्षेचा अभ्यासही करायचा असतो. २०२५ ची गोष्ट घ्या. आंतरवासिता पूर्ण करायची शेवटची तारीख ३१ जुलै, नीट-पीजी ३ ऑगस्टला. मधे दोन दिवस.

सकाळी ८.४५
राउंड. पुढे मॅडम, मागे लेक्चरर, मग जेआर-थ्री, जेआर-टू, जेआर-वन, शेवटी इंटर्न. जेआर म्हणजे ज्युनिअर रेसिडेंट, एमएस करणारे. जेआर-वन परवा सकाळपासून वसतिगृहावर गेलेली नाही. तिच्या ॲप्रनच्या बाहीवर आयोडीनचा डाग आहे. ती पायांवर उभी आहे आणि प्रत्येक कॉटचा हिमोग्लोबिनचा आकडा तोंडपाठ सांगते.

मॅडम एका कॉटपाशी थांबतात. “इंटर्न, हिचं पोट बघ.” ती वाकते. नाभीच्या खाली हात ठेवून गर्भाशयाची उंची बघते, दाबून कडकपणा बघते. “मॅडम, मऊ लागतंय. पॅडही जास्त भिजलंय.” मॅडम स्वतः बघतात. ऑक्सिटोसिन लावा म्हणतात. पुढच्या कॉटकडे वळताना विचारतात, “काय घेणार आहेस गं पीजीला?”

“बघू मॅडम. रँक येऊ दे.”

सगळे इंटर्न हेच उत्तर देतात. दिवसभरात हा प्रश्न मी किती तोंडांतून ऐकला! सिस्टर विचारतात, लॅबचा टेक्निशियन विचारतो, पेशंटचा नवरा विचारतो, “मॅडम, तुम्ही कशाच्या डॉक्टर होणार?”

सकाळी ९.५०
सॅम्पल लॅबला पोचवणं हे काही इंटर्नचं काम नाही. पण दोन वॉर्डांत मिळून मामा एकच, आणि तो आत्ता ऑक्सिजनचं सिलिंडर ढकलत चाललाय. म्हणून ती स्वतःच जाते. लॅब, मग ब्लड बँक, मग सोनोग्राफीची तारीख घ्यायला रेडिओलॉजी. तीन इमारती.

रेडिओलॉजीच्या दाराबाहेर रांग. आत गारवा. तिचा एक बॅचमेट आत आहे. त्याने आपल्या आवडीचे दोन आठवडे इथे घेतलेत. रेडिओलॉजी हेच त्याचं ठरलेलं. हुशार मुलगा आहे. बापाने शेत गहाण ठेवून त्याला शिकवलं, मागे दोन बहिणी आहेत. “ही एंड ब्रँच आहे,” तो मला समजावतो. म्हणजे एमडी झालं की शिक्षण संपलं, पुढे सुपरस्पेशालिटीची तीन वर्षं नाहीत. मेडिसिन घेतलं आणि हृदयाचा डॉक्टर व्हायचं म्हटलं तर एमडीची तीन, डीएमची तीन. मधे बॉण्ड. एमबीबीएसनंतर एक वर्ष सरकारी सेवा, नाही केली तर १० लाख भरायचे. एमडीनंतर पुन्हा बॉण्ड, त्याची रक्कम आणखी मोठी. “पस्तिशी येते ताई. तोवर घरी काय पाठवू?” मला त्याचं म्हणणं पटतं. घरच्या कर्जाचा हिशेब करून ब्रँच ठरवणाऱ्याला कमी लेखायचं काही कारण नाही.

पण रेडिओलॉजी सरकारी कॉलेजात पाहिजे तर रँक फार वरचा लागतो. काउन्सेलिंगच्या पहिल्याच फेरीत त्या जागा संपतात. डीम्ड कॉलेजात तीच तीन वर्षं करायची तर खर्च कोटीच्या घरात.

सकाळी ११.३५
लेबर रूमसमोर १०८ ची गाडी. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातून पाठवलेली बाई. वय वीस, पहिलटकरीण, आठवा महिना. वाटेत झटका आला. बीपी १७० वर ११०. सातवा महिना लागेपर्यंत ती नवऱ्याबरोबर उसाच्या फडात होती. शेवटचं बीपी कधी मोजलं, ते कागदात नाही.

लेबर रूमच्या आत मी जात नाही. दाराशी सिस्टरच्या टेबलापाशी उभी राहते. तिथे मॅगसल्फ भरायचं काम इंटर्नकडे येतं. एका काचेच्या अँप्युलमध्ये एक ग्रॅम. पहिला डोस १४ ग्रॅम. म्हणजे १४ अँप्युल्स फोडायच्या. मानेपाशी कापूस धरायचा, अंगठ्याने मागे मोडायचं. चार अँप्युल्सचं औषध पाणी घालून २० मिली करायचं, ते शिरेतून, अगदी सावकाश. उरलेल्या दहा दोन सिरिंजांत, पाच-पाच, दोन्ही कुल्ल्यांत खोल. नवव्या अँप्युलला तिच्या अंगठ्याला काच लागते. ती कापूस दाबते, वरून दुसरा मोजा चढवते आणि दहावी फोडते. सिस्टर ट्रेमध्ये कॅल्शियम ग्लुकोनेट काढून ठेवतात. मॅग्नेशियम जास्त झालं तर उतारा म्हणून.

इंजेक्शन जेआर-टू देते. पाय धरायला मावशी. बाई शुद्धीवर नाही, तरी कुल्ल्यात सुई गेल्यावर कण्हते. इंटर्न तिच्या डोक्याशी उभी राहून घड्याळात श्वास मोजते. मोठ्याने. “अठरा.”

यापुढे दर चार तासांनी पाच ग्रॅम. पण प्रत्येक डोसच्या आधी तीन गोष्टी बघायच्या. गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो का. मिनिटाला श्वास सोळापेक्षा कमी तर नाहीत ना. चार तासांत लघवी १०० मिली तरी झाली का. एकही चुकलं तर डोस द्यायचा नाही. हे काम आजपुरतं तिचं. ती मनगटाच्या आत पेनाने लिहिते: ४, ८, १२.

दुपारी १.२०
एक सिझेरिअन निघतं. बाळाने पोटात शी केलीय, ठोके पडतायत. ती हात धुऊन सेकंड असिस्टंट म्हणून उभी राहते. पाऊण तासाने बाहेर येते ती डाव्या हाताची बोटं उघडझाप करत. मूत्राशय बाजूला ठेवायला डॉयन्स रिट्रॅक्टर धरावा लागतो, हलवायचा नाही. हात बधिर होतो. “टाके मी कापले,” ती सांगते. “मॅडम म्हणाल्या, शेपूट लांब ठेवू नकोस.” आज पहिल्यांदाच ती कुणी न विचारता बोलतेय.

दुपारी ३.१०
मेस अडीचलाच बंद झाली. कँटीनमध्ये पोळीभाजी ५० रुपये, ताक १५. टेबलाशी तिघी आहेत. ती, तिची ऑर्थोच्या पोस्टिंगमधली मैत्रीण आणि दहा मिनिटांसाठी आलेली जेआर-टू.

मैत्रिणीला ऑर्थो हवंय. प्लास्टर घालताना तिला वेळेचं भान राहत नाही. पण विभागात सगळ्यांनी सांगितलं, मुलींचं काम नाही, ताकद लागते. घरी आईने सांगितलं, स्थळं येणार नाहीत. तिने यादीत ऑर्थो चौथ्या नंबरवर टाकलंय. दुसरीकडे यांच्याच बॅचच्या एका मुलाला गायनॅक आवडतं. त्याला सगळे म्हणतात, पुरुष गायनॅककडे बायका येतात का? त्याने मेडिसिन लिहिलंय.

जेआर-टू कपात बिस्कीट बुडवत सांगते, “मी २०२४ वाली. २३ जूनला पेपर होता. २२ ला रात्री कळलं, पुढे ढकलला. मी केंद्राच्या गावी लॉजवर. मग ११ ऑगस्टला झाला. मधले सात आठवडे काय वाचलं, आठवत नाही.” तिला बालरोग हवं होतं. रँक घसरला, बालरोग लांबच्या कॉलेजात मिळत होतं, गायनॅक नवऱ्याच्या गावापासून दोन तासांवर. तिने गायनॅक घेतलं. “आता आवडतं का?” मी विचारते. ती विचार करते. “आवडतं. पण बाळ रडलं की मी अजून तिकडेच बघते.”

इंटर्नचा फोन वाजतो. ती उठते. ताक तसंच.

दुपारी ४.००
गुडघा उडतो. श्वास सतरा. लघवी १६० मिली. पाच अँप्युल्स. डोस दिला. बाई आता डोळे उघडते, पाणी मागते. पाणी देता येत नाही. इंटर्न ओला कापूस ओठांवर फिरवते.

दुपारी ४.४०
वडिलांचा फोन. ड्यूटी संपवून ते डेपोत बसलेत.

“जेवलीस का?”

“जेवले आबा.”

“आपले साहेब म्हणत होते, त्यांच्या भाचीनं कातडीचं घेतलं. सकाळी दहा ते पाच. रात्री कुणी उठवत नाही. बाईमाणसाला बरं म्हणे.”

“त्याला रँक लागतो आबा.”

“मग बस की थोडी अभ्यासाला. ह्या ड्यूट्या कशाला करती एवढ्या?”

ती काही बोलत नाही. “तब्येतीला जपा,” म्हणते आणि फोन ठेवते. मग मला सांगते, “त्यांचं चूक नाही. त्यांनी आयुष्यभर रातराणीच्या ड्यूट्या केल्या. त्यांना वाटतं, पोरीने तरी रात्री झोपावं.”

ड्यूट्या कशाला, हा प्रश्न मात्र खोटा नाही. परीक्षा जवळ आली की इंटर्न वॉर्डातून गायब होतात, हे प्रत्येक सरकारी कॉलेजात माहीत असतं. सही मिळते, पोस्टिंग भरतं, हात कोरे राहतात. त्यांच्यावर चिडून उपयोग नाही. दर सुईमागे त्यांचा एक प्रश्न बुडतो. ही मुलगी थांबते, कारण तिला इथे थांबावंसं वाटतं. तेवढ्यापायी ती रोज ॲपवरच्या आपल्या बॅचच्या मागे पडते. तो क्रमांक रात्री ती मला दाखवते, आकडा लिहू नका म्हणते.

संध्याकाळी ६.३०
मार्च आहे, पंखे गरम वारा फेकतात. सहा अ‍ॅडमिशन, चार कॅथेटर, दोन वेळा ब्लड बँक. फॉर्म भरून बोटाला शाई लागलीय. एका नातेवाइकाने सोनोग्राफी उद्यावर का, म्हणून आवाज चढवला. सिक्युरिटीवाला लांबून बघत होता. ती शांतपणे दोनदा समजावते. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यात ड्यूटीवरच्या रेसिडेंट डॉक्टरचा खून झाला, तेव्हापासून तिच्या आईची एकच अट आहे: रात्री एकटीने कॉरिडॉरने जायचं नाही. ती मावशींना बरोबर घेते. ब्रँच निवडताना मुली हाही हिशेब करतात. कुठल्या विभागाची ड्यूटी रूम कुठे आहे, कडी लागते का.

रात्री ८.००
गुडघा उडतो. श्वास अठरा. लघवी पुरेशी. पाच अँप्युल्स.

कळा आता चांगल्या येतायत. जेआर-वन आत बोलावते. ९.२५ ला बाळंतपण होतं. मुलगी, एक किलो नऊशे. लगेच रडली. बालरोगाचा रेसिडेंट वॉर्मरपाशी उभा आहे, इंटर्न बाहेर येऊन बाळाच्या आजीला सांगते. आजी नोटा पुढे करते, वीस-वीसच्या. ती आजीची मूठ मिटवते. “मावशींनाही देऊ नका. इथे पैसे नसतात द्यायचे. दूध आणा सुनेला सकाळी.”

लॉगबुकात आणखी एक नोंद, जेआर-टूची सही.

रात्री १२.०५
गुडघा उडतो. श्वास सतरा. लघवी २०० मिली. पाच अँप्युल्स फोडताना ती आता कापसाची दुहेरी घडी घेते. शेवटच्या झटक्यापासून किंवा बाळंतपणापासून, जे नंतरचं असेल त्यापासून चोवीस तास हे औषध चालतं. म्हणजे उद्या रात्रीपर्यंत. सकाळी आठपासूनचे डोस दुसरी इंटर्न देईल. ती तिच्यासाठी कागदावर वेळा लिहून कॉटच्या डोक्याशी चिकटवते. शिवाय मेसेजही करते: “हातोडी सिस्टरच्या ड्रॉवरमध्ये आहे. मारताना पाय सैल सोडायला सांग.”

रात्री १२.४०
ड्यूटी रूमच्या बाकावर अर्धा तास. मोबाइलवर पुन्हा प्रश्न. एक प्रश्न नेमका आजचा: रक्तात मॅग्नेशियम वाढू लागलं की सर्वांत आधी काय नाहीसं होतं? ती पर्याय पूर्ण वाचायच्या आत बोट ठेवते. चार गुण. पुढचा प्रश्न एका दुर्मिळ त्वचारोगाचा. चुकतो.

मी तिला यादी विचारते. ती वहीचं शेवटचं पान काढते. पहिलं मेडिसिन, दुसरं स्किन, तिसरं गायनॅक. गायनॅकपुढे खोडून पुन्हा लिहिल्याच्या खुणा. तो क्रम कधी दोन होता, कधी एक. “गायनॅक म्हणजे जन्मभर रात्रीचा फोन,” ती म्हणते. “स्वतःचा दवाखाना टाकायचा तर ओटी, भूलतज्ज्ञ, रक्तपेढी जवळ हवी. माझ्या मागे कोण आहे? आणि चूक झाली तर दोन जीव.” हे सगळं खरं आहे. मी वाद घालत नाही.

पहाटे ३.१५ ला एक बाळंतपण, ५.०० ला एक. दोन्ही नॉर्मल. दोन्हींना ती उठते.

सकाळी ८.१०
हँडओव्हर. वॉर्डातून निघताना ती त्या उसाच्या फडातल्या बाईच्या कॉटपाशी थांबते. वेळेचा कागद नीट चिकटलाय का बघते, तिच्या गुडघ्यावर एकदा टिचकी मारते. पाय उडतो. बाई हसते. गेटवर पोहे २५ रुपये, चहा दहा. दुपारी चारला ऑनलाइन ग्रँड टेस्ट आहे, त्याआधी पाच तास झोप.

मी सत्तावीस तास तिच्यामागे होते. माझं मत स्पष्ट आहे: या मुलीने गायनॅकच घ्यावं. गर्भाशय मऊ लागतंय हे तिच्या बोटांना कळतं, आणि चार तासांनी बघायचं ते ती चार तासांनीच बघते. पण हे तिच्या कुठल्याही गुणपत्रिकेत येणार नाही. मॅडमनी ते बघितलंय. त्यांनी तिला बोलावून दहा मिनिटं तसं सांगावं. प्रत्येक युनिटमधल्या वरिष्ठांनी आपल्या इंटर्नशी एवढं बोलावं. आणि ज्यांच्या हातात परीक्षेचं वेळापत्रक आहे, त्यांनी आंतरवासिता संपल्यावर निदान तीन महिन्यांनी नीट-पीजी घ्यावी, तारीख वर्षभर आधी सांगावी आणि सांगितलेली पाळावी.